सुलटा राहिलेला कॅमेरा

शवपेटीच्या डाव्या फळीला नाबोरने चौथा खिळा ठोकला आणि नेमका तेव्हाच रुतिलिओ दारातून आत आला.

"काका, हे काय करताय?"

"दिसत नाही? फळी बंद करतोय. मघाशी जपमाळ चालू असताना धाडकन उघडली. तुझ्या बापाचा हात निसटला तो थेट क्लेओफासबाईंच्या मांडीवर. बाई अजून मागच्या अंगणात पाणी पितायत."

"पण ती फळी उघडण्यासाठीच आहे."

"सिनेमात," रुतिलिओची आई तोमासा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून म्हणाली. "मयताच्या पेटीला दार नसतं."

पेटी तशी साधीसुधी नव्हती. साल्वातिएर्रा कुटुंबाच्या अकरा सिनेमांत तिने काम केलं होतं आणि त्यातल्या कुठल्याही नटापेक्षा कमी कुरकुर केली होती. एका दफनवाल्याने वाळवी लागली म्हणून काढून टाकलेली ती पेटी तोमासाच्या नवऱ्याने, अन्सेल्मोने, हातगाडीवर घालून आणली, डावी फळी कापून बिजागऱ्या लावल्या, म्हणजे कॅमेऱ्याला आतलं प्रेत दिसावं. दर सिनेमाला आतलं साटीन तोमासा बदलायची. अन्सेल्मो नेहमी म्हणायचा, मला यातच घाला, मापाची आहे आणि सवयीची आहे. काल दुपारी शेवयांचं सूप पिता पिता तो गेला. चमचा हातातच होता. मग दुसरी पेटी बघायचा प्रश्नच आला नाही. पहाटे तोमासाने स्वतः त्याची दाढी केली, त्याच्या अंगावर सिनेमातलाच काळा शेपटीचा सूट चढवला आणि जमिनीवर चुन्याचा क्रूस काढून त्यावर पेटी ठेवायला लावली. चार मेणबत्त्या, व्हिनेगरमध्ये कापलेला कांदा, सगळं रीतीप्रमाणे. फक्त फळीला खिळे मारायचे राहून गेले होते, तेही आता झालं.

रुतिलिओ बापाच्या पायाशी उभा राहिला. डोळे कोरडे, हात मात्र एका जागी ठरेनात. टोपी या हातातून त्या हातात, परत या हातात. तोमासाने पोराला चौतीस वर्षं पाहिलं होतं. हा दुःख करत नव्हता. हा हिशेब जुळवत होता, आणि तो जुळत नव्हता.

"आत ये," ती म्हणाली. "कॉफी घे. आणि जे काही आहे ते इथं बोल, लोकांसमोर नको."

स्वयंपाकघरात मडक्यातली दालचिनीची कॉफी उकळत होती. ओफेलिया कप पुसत होती. नाबोर हातोडी घेऊनच मागोमाग आला, कारण या घरात काही शिजत असलं की नाबोरला वास लागतोच, मग ते जेवण असो की भांडण.

"आई, सूट आणि पेटी मला दोन तास हवीय," रुतिलिओ म्हणाला.

तोमासाने गूळ फोडायला घेतला.

"शेवटचा प्रवेश राहिलाय. बाबांचा डॉक्टर पेटीतून उठतो तो. तुला माहितीय, तेवढ्यावरच सिनेमा उभा आहे. शूटिंगची वखार आज संध्याकाळी सातला सोडायची. दुसरी कंपनी येतेय. आपला कबरीचा देखावा उखडून तिथं कॅबरे लावणार आहेत. आता दहा वाजलेत. बाबांना तेवढ्यापुरतं पलंगावर ठेवू, चादर घालू. एकपर्यंत सगळं परत आणतो. दफन चारला आहे."

"म्हणजे तुझ्या बापाचे कपडे उतरवायचे," तोमासा म्हणाली, "ते दुसऱ्या कोणाला घालायचे, आणि त्यालाच तुझ्या बापाच्या पेटीत झोपवायचं. बरं. आणि मी काय करू? दारात बसून तिकिटं फाडू?"

"आई, हा त्यांचाच सिनेमा आहे. अर्धा ठेवायचा का?"

"दादा, तुला लाज कशी वाटत नाही," ओफेलिया म्हणाली. पण भावाकडे न बघता म्हणाली. कप पुसून झाला होता तरी ती तोच पुसत होती.

"आणि घालणार कोणाला?" तोमासाने विचारलं. "त्या सुटाचं माप घेऊन कोण जन्माला आलंय? कंबर दोनदा सैल केलीय मी."

नाबोरने हातोडी टेबलावर ठेवली. केसांवरून हात फिरवला.

"उंची तर आमची सारखीच आहे," तो म्हणाला.

"काय म्हणालात, भावजी?"

"मी काही म्हणत नाही, वहिनी. मोजून सांगितलं. अन्सेल्मोपेक्षा मी बोटभर उंच, एवढंच. आता त्याचं काम अर्धवट राहू नये असं मलाही वाटतं. भाऊ होता माझा."

"पाच मिनिटांपूर्वी खिळे ठोकत होतात."

"खिळे काढता येतात."

तोमासाने त्याच्याकडे नीट पाहिलं. तीस वर्षं हा माणूस डिंक, कापूस आणि कोळशाची पूड घेऊन भावाचा चेहरा रंगवत आला. स्वतः पडद्यावर आला तो कधी गोरिला होऊन, कधी ममी होऊन, एकदा नुसता कपाटातून बाहेर येणारा हात होऊन. आईच्यानंतर कुणी त्याचं तोंड धडपणे पाहिलं नव्हतं. आता भाऊ पेटीत गेला आणि याच्या डोळ्यांत दिवे लागले. तिला राग आला आणि त्याहून जास्त कीव आली, आणि कीव आली म्हणून पुन्हा राग आला.

"घ्या," ती म्हणाली. "अजून मेणबत्ती अर्धी जळली नाही, आणि वारस रांगेत उभे."

"फक्त चालत यायचं आहे काकांना," रुतिलिओ घाईघाईने म्हणाला. "चेहऱ्यावर पट्ट्या गुंडाळू. डॉक्टर जळाला होता असं दाखवू, एक वाक्य घातलं की झालं."

"पट्ट्या?" नाबोर म्हणाला.

"चेहरा दिसला तर लोकांना कळेल ना, काका."

"म्हणजे पुन्हा पट्ट्याच."

"दोन मिनिटांचं काम आहे."

नाबोरने टेबलावरची हातोडी उचलली. "नाही, वहिनीचं बरोबर आहे," तो म्हणाला. "ज्या पेटीत सख्खा भाऊ निजला त्यात मी निजणार नाही. माणसाला काही धरबंध असतो की नाही?"

दुसरा दिवस असता तर तोमासा पोट धरून हसली असती. अन्सेल्मो असता तर त्याने नाबोरची नक्कल करून दाखवली असती, हातोडीसकट. पण रुतिलिओ हसला नाही, चिडलाही नाही. तो भिंतीला टेकला आणि बहिणीकडे पाहू लागला.

"तू तरी सांग आईला."

"मी काय सांगू?" ओफेलियाने कप शेवटी खाली ठेवला. "तूच सांग. सगळं सांग. नाहीतर मी सांगते. तो प्रवेश राहिलेला नाही, आई. गुरुवारी झालाय. बाबांनी केलाय. मागच्या खोलीत डब्यात पडलाय."

बाहेरच्या खोलीत कुणीतरी नव्याने जपमाळ धरली. बायकांचा आवाज भिंतीपलीकडून गोमाश्यांसारखा येत राहिला.

"झालाय," तोमासा म्हणाली. गुरुवारी रंग लावायला गेलेला नाबोर हातोडीकडे बघू लागला. "मग माझ्या नवऱ्याचे कपडे कशाला उतरवत होतास?"

रुतिलिओ जमिनीकडे बघत म्हणाला, "कॅमेरा उलटा करायचा राहिला."

त्यापुढे तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. ती युक्ती तिचीच होती. पहिल्या सिनेमाला मेलेला माणूस उठवायला त्यांच्याकडे ना तारा होत्या ना यंत्र, आणि अन्सेल्मोची कंबर अशी की हाताचा टेका घेतल्याशिवाय उठवेना. टेका घेऊन, विव्हळत उठणाऱ्या प्रेताला कोण घाबरणार? तोमासा तेव्हा शिवणाच्या यंत्रापाशी उलटी टीप उसवत बसली होती. ती म्हणाली, उठता येत नाही तर झोप. मागे मागे चालत जा, पायऱ्या चढ, पेटीत आडवा हो. आणि फिल्म शेपटीकडून दाखव. कॅमेरावाल्याने डोकं खाजवलं आणि सांगितलं, तसं करायचं तर कॅमेरा डोक्यावर उभा करून चित्र घ्यावं लागेल, मग ती पट्टी फिरवून जोडली की चित्र सुलटं आणि चाल उलटी. तेव्हापासून अकरा सिनेमांत डॉक्टर अन्सेल्मो असाच उठला. हात न टेकता, वाऱ्याने उचलल्यासारखा, सरळ लोकांच्या अंगावर. पुएब्ला शहरात एका बाईला थिएटरातच कळा सुरू झाल्या होत्या. मेलेला माणूस उठतो म्हणजे खरं तर तो निजायला चाललेला असतो, हे फक्त या घराला माहीत होतं. दोन अक्षरं धड न शिकलेल्या बाईने हे डोकं लढवलं, याचा तोमासाला जो गर्व होता तो तिने कधी लपवला नाही.

"जुना कॅमेरावाला टेलिव्हिजनमध्ये गेला," रुतिलिओ सांगत होता. "सगळं माझ्याच अंगावर. दिवे बघ, धूर बघ, बाबांच्या गोळ्या बघ. कॅमेरा तिकाटण्यावर तसाच, सरळ. काल सकाळी ओफेलियाने पट्टी लावली तेव्हा कळलं. आता ती फिरवून जोडली तर बाबा छताला पाय लावून चालतात. लॅबमध्ये एकेक चित्र उलट्या क्रमाने छापून मिळतं, पण त्या यंत्राला जूनपर्यंत रांग आहे आणि सिनेमा दोन आठवड्यांत लागायचाय."

"त्याला सांगितलंस?"

रुतिलिओने टोपी चुरगळली.

"काल सांगायलाच आलो होतो. ते सूप पीत होते. म्हटलं, तेवढं संपू दे."

नाबोरने क्रूसाची खूण केली. ओफेलिया तोंड फिरवून चुलीशी उभी राहिली. तोमासाचा हात उठला होता, तो तिने पुन्हा गुळावर ठेवला. छातीचं दुखणं घेऊन साठीच्या माणसाने तीन पायऱ्या मागे मागे चढल्या होत्या, आणि ते सगळं फुकट. आणि हा गाढव ते झाकायला बापाची पेटी मागायला आला होता. बारा तोंडांनी बोलावं असं तिच्या मनात होतं. पण पोराची टोपी चुरगळून चुरगळून चिंधी झाली होती.

"मला दाखव," ती म्हणाली.

"आई, नको. आज नको."

"चारनंतर दाखवून काय उपयोग? चल."

ओफेलियाची खोली म्हणजे पूर्वीची धुण्याची मोरी. खिडकीला घोंगडी टांगलेली, डिंकाचा उग्र वास, दोऱ्या बांधून त्यावर कपड्यांसारख्या लटकवलेल्या फिल्मच्या पट्ट्या. तोमासा या खोलीत आजवर फक्त भांडायला आली होती. टेबलावर हाताने फिरवायचं यंत्र, त्याला तळहाताएवढी काच. ओफेलियाने पट्टी ओवली, दिवा लावला आणि हळूहळू मूठ फिरवू लागली.

आधी तोमासाला सूट दिसला. कॉलरवर धागा होता. गुरुवारी तिचे गुडघे सुजले होते म्हणून ती वखारीत गेली नव्हती, आणि पाहा, धागा राहिलाच. मग त्या कॉलरवरचा चेहरा दिसला.

अन्सेल्मो कॅमेऱ्याच्या अगदी जवळ उभा होता, चेहऱ्याला नाबोरचा राखाडी रंग. तो समोर बघत होता. मग त्याची नजर वर गेली. तिथं किंचित थांबली. डावी भुवई एका टोकाला उचलली गेली, जशी घरी मीठ जास्त झालं की जायची. तोंड उघडलं. मग मिटलं.

मग तो मागे मागे चालू लागला. एक पायरी, दोन, तीन. पेटीच्या काठावर बसला. पँटीची इस्त्री मोडू नये म्हणून दोन्ही गुडघ्यांवर कापड चिमटीने वर ओढलं, पाय आत घेतले, आणि आडवा झाला.

"थांब," तोमासा म्हणाली. "पुन्हा सुरुवातीपासून."

ओफेलियाने मूठ उलटी फिरवली. आणि काचेवर अन्सेल्मो उठला. हात न टेकता, धुरासारखा, पायऱ्या उतरून थेट त्यांच्याकडे चालत आला. रुतिलिओ काचेकडे झुकला.

"हेच, आई. हेच हवं होतं. पण थिएटरचं यंत्र असं मागे फिरत नाही."

तोमासाने मुलीचं मनगट धरलं. पकड इतकी घट्ट होती की ओफेलियाने ओठ चावला.

"मागे फिरवू नकोस," ती म्हणाली. "पट्टी काढ आणि परत लाव. वेळ लागला तरी चालेल. पण त्याला उठवू नकोस."

दुसऱ्या वेळी ती फक्त त्याचे डोळे बघत होती. वर कुठे बघितलं त्याने? तिथं काय होतं?

"रुतिलिओ, फिल्मचा डबा कॅमेऱ्याच्या कुठल्या बाजूला असतो?"

"वर."

"आणि कॅमेरा उलटा केला की?"

"खाली लोंबतो." तो म्हणाला, आणि पुन्हा काचेकडे पाहू लागला.

"अकरा सिनेमे तो डबा खाली लोंबताना बघितलाय त्याने," तोमासा म्हणाली. "गुरुवारी वर दिसला. बघ त्याची भुवई. त्याला कळलं होतं."

"मग बोलले का नाहीत?"

नाबोर दारात उभा होता. तो काही सांगणार होता, पण तोमासाच्या एका नजरेने त्याने शब्द गिळला.

"का बोलेल?" ती म्हणाली. "बारा माणसं उभी होती. दिवेवाला, धूरवाला, तो मिशीवाला सुतार. मुलगा पहिल्यांदा मालक म्हणून उभा राहिलेला. त्याने तोंड उघडलं असतं तर पुढे वीस वर्षं वखारीत तुझी टिंगल झाली असती. तोंड उघडलं होतं त्याने, बघितलंस ना? आणि मिटलं. तुझ्यासाठी मिटलं. आता तू काय करणार? त्याला उघडा करून पलंगावर ठेवणार?"

रुतिलिओ खाली बसला. फिल्मच्या पट्ट्यांखाली, मोरीच्या ओल्या जमिनीवर, चांगल्या पँटीनिशी बसला आणि कालपासून जे व्हायला हवं होतं ते आत्ता झालं. ओफेलियाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. थोड्या वेळाने तोमासा म्हणाली,

"शेवट हाच ठेव. सुलटा. आहे तसा."

"आई, लोक उठलेला डॉक्टर बघायला येतात."

"सिनेमाभर उठूनच हिंडतोय ना तो? गळे दाबतोय, पोरी पळवतोय. मग शेवटी येऊन स्वतः निजला तर काय बिघडलं?"

"काही कारण नाही, काही नाही, उगाच निजतो?"

"माणूस उगाचच निजतो. दमला की निजतो."

"वितरक काय म्हणेल?"

"ओरडेल. नाही घेतला सिनेमा तर नाही घेतला. पण या घरातून आज एकच गोष्ट बाहेर जाईल, ती खिळे मारलेली पेटी, आणि तिच्यात मी ज्याला घातलं तो." ती नाबोरकडे वळली. "भावजी, तोंड धुऊन घ्या. पेटीला पुढचा उजवा खांदा तुमचा. तिथं पट्ट्या नाहीत, सगळा मोहल्ला बघेल तुम्हाला."

नाबोर खरोखरच तोंड धुवायला गेला. रुतिलिओही उठला, वखारीत फोन करायला, की दिवे उतरवा, कबर उखडू द्या.

तोमासा हलली नाही. "तो आडवा झाल्यावर पुढे किती पट्टी आहे?" तिने मुलीला विचारलं.

"बरीच. तुला माहितीय, सुरुवातीला प्रेत निश्चल हवं म्हणून बाबांना तसंच पडून राहावं लागतं."

"फिरव."

हे पडून राहणं अन्सेल्मोला कधीच जमलं नव्हतं. सहा मोजले की ओठ न हलवता विचारायचा, झालं का? दहाला नाक खाजायचं. पंधराला शिव्या. अकरा सिनेमांत त्या शिव्या कापून टाकाव्या लागल्या होत्या. तोमासाने मोजायला सुरुवात केली. सहा झाले. दहा झाले. ओठ जागचे हलले नाहीत. पंधरा. छाती हळूच वर येत होती आणि हळूच खाली जात होती. कपाळावरची आठी, जी लग्नाच्या फोटोतही होती, ती गेली होती. तीसनंतर तिला मोजणं सुचेना.

"उठला केव्हा?"

"काका म्हणत होते, हाका माराव्या लागल्या," ओफेलिया म्हणाली. "तीन की चार. मग उठले आणि म्हणाले, छान झालं, घरी जाऊ."

पट्टी संपली, काच पांढरी झाली. ओफेलिया काही बोलायच्या बेतात होती. आईचा चेहरा पाहून तिने दिवा मालवला.

मुलाला जे सांगितलं ते खोटं नव्हतं. अन्सेल्मो तसा होता, पोराची लाज झाकणारा. पण तोमासाने बेचाळीस वर्षं त्या माणसाला निजताना पाहिलं होतं. डबा वर आहे, म्हणजे या खेपेला उठायचं नाही, एवढं त्याला त्या एका क्षणात कळलं होतं. आणि भुवई खाली आली तेव्हा तिच्यात राग नव्हता. सुटका होती.

ती बाहेरच्या खोलीत गेली. बायकांनी जपमाळ थांबवली, बाजूला सरून तिला वाट दिली. तिने कॉलरवरचा धागा शोधला. पहाटेच तिने तो काढला असणार, कारण आता नव्हता. ती पेटीवर वाकली. क्लेओफासबाईंना वाटलं मुका घेतेय, म्हणून त्यांनी पदर डोळ्यांना लावावा तशी ओढणी लावली.

"दमला होतास तर मला सांगायचं," तोमासा त्याच्या कानात म्हणाली. "मी काय नाही म्हणाले असते? घरात बायको असताना कॅमेऱ्याला जाऊन सांगितलंस."

मग ती ताठ उभी राहिली, आणि चारला अजून बराच वेळ होता तरी झाकण आणायला सांगितलं.